ऑलिंपियाड भरत नाही, लागतं

सिडकोतल्या एका वाचकांनी विचारलं आहे: "आपला विदित गुजराथी २०२४ मध्ये बुडापेस्टला संघासोबत बुद्धिबळाचं सुवर्ण जिंकला ते ऑलिंपियाड, आणि कविता राऊत २०१६ मध्ये रिओला मॅरेथॉन धावली ते ऑलिंपिक. मुलाच्या शाळेतून गणित ऑलिंपियाडचाही फॉर्म आलाय. शब्द एकच आहे का? ऑलिंपस पर्वतावरून आलाय का? आणि लिहायचं कसं, ऑलिम्पिक की ऑलिंपिक?"

लिहिण्याचं आधी उरकू. शब्द तत्सम नाही, तेव्हा मराठीच्या नियमाप्रमाणे डोक्यावर टिंब: ऑलिंपिक. छापील मजकुरात 'म्पि' सर्रास दिसतं, त्यावर भांडायला मला वेळ नाही. माझं भांडण दुसरंच आहे. दर चार वर्षांनी बातम्यांत कुणीतरी "या ऑलिंपियाडमध्ये भारताला किती पदकं" असं म्हणतं आणि माझा चहा गार होतो. अहो, ऑलिंपियाड म्हणजे स्पर्धा नव्हे. ऑलिंपियाड म्हणजे काळ, चार वर्षांचा. खेळ त्या काळात होतात.

नाशिककराला हे समजावून सांगावं लागू नये. सिंहस्थ म्हणजे काय? गुरू सिंह राशीत असतो तो काळ. आपण मात्र मेळ्यालाच सिंहस्थ म्हणतो, आणि आता २०२७ तोंडावर आल्यावर रस्ते खोदण्यालासुद्धा. पण मेळा भरो न भरो, गुरू सिंहेत यायचा तो येतोच. ऑलिंपियाडचं तंतोतंत तसंच आहे. १९१६, १९४० आणि १९४४ चे खेळ महायुद्धांनी गिळले, तरी सहावं, बारावं आणि तेरावं ही ऑलिंपियाडं मोजली गेलीच. म्हणून खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य जिंकलं ते पंधराव्या ऑलिंपियाडमधल्या खेळांत, आणि २०२४ चं पॅरिस तेहेतिसावं. प्रत्यक्षात उन्हाळी खेळ तोवर तीसच वेळा झाले होते. हिवाळी खेळांना ही मोजणी नाही. ते जितके झाले तितकेच धरतात.

यावर एक-दोन कोशप्रेमी प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा दाखला काढतील, की तो हाच शब्द ऑलिंपिया या खेळांच्या मूळ ठिकाणच्या विजयालाही वापरतो. वापरतो, ठाऊक आहे. पण आजच्या ऑलिंपिक सनदेत ऑलिंपियाडची व्याख्या सलग चार कॅलेंडर वर्षं अशी स्वच्छ दिलेली आहे. ज्यांचा शब्द त्यांनी अर्थ सांगितल्यावर कोशात "ऑलिंपियाड: ऑलिंपिक स्पर्धा" एवढंच लिहून मोकळं होणं हा आळस आहे. बुद्धिबळाचं ऑलिंपियाड दोन वर्षांनी भरतं आणि गणिताचं १९५९ पासून जवळपास दरवर्षी. चार वर्षांचा काळ दरवर्षी! असो, ती नावं आता रुळली. फॉर्म भरा.

पर्वताचं म्हणाल तर थेट नाही. खेळ होत ते ऑलिंपियात, ग्रीसच्या दक्षिणेला, अल्फिओस नदीकाठी. ऑलिंपस पर्वत तिथून अडीचशे किलोमीटरांहून जास्त दूर, उत्तरेला. ऑलिंपिया हे ग्रीकांच्या देवराजाचं, झ्यूसचं ठाणं, आणि झ्यूस ऑलिंपसवासी, इतकाच धागा. "ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी खेळ सुरू झाले" असं पाठ्यपुस्तकी थाटात सांगणाऱ्यांनी एकदा नकाशा उघडावा.

आता खरी गंमत. परंपरेनं पहिलं ऑलिंपियाड इ.स.पू. ७७६ पासून धरतात. त्या साली सुमारे १९२ मीटरची एकच शर्यत होती आणि ती एलिसच्या कोरोइबोस नावाच्या आचाऱ्यानं जिंकली. पुढे ग्रीक इतिहासकार या चौकड्यांनी सालं मोजू लागले. रोमच्या स्थापनेचं रूढ साल, इ.स.पू. ७५३, या हिशेबात सहाव्या ऑलिंपियाडचं तिसरं वर्ष येतं. पण हे ग्रीक लोक चार वर्षांच्या या फेऱ्याला म्हणत काय? 'पेंटेटेरिस', म्हणजे पाचवर्षी! कारण ते दोन्ही टोकं धरून मोजत. या खेळांचं वर्ष एक, पुढच्या खेळांचं वर्ष पाच.

आणि चारच वर्षं का? तर त्यांच्याही पंचांगात आपल्यासारखा अधिक महिना होता. आठ वर्षांचे ९६ महिने, त्यात तीन अधिक, झाले ९९. त्याचे दोन भाग केले की एकदा ४९ महिन्यांनी खेळ आणि एकदा ५० महिन्यांनी. खेळांचा मधला दिवस पौर्णिमेला गाठायचा. आपल्या घरातल्या पंचांगाला हे गणित मुळीच परकं वाटणार नाही.

आता माझा लाडका मुद्दा. दिवस सात, मग नाव 'आठवडा' का? माझं ठाम मत आहे की हीच ती ग्रीक पद्धतीची, दोन्ही टोकं धरणारी मोजणी. गोदाकाठचा बुधवारचा बाजार बघा. आजचा बुधवार पहिला धरला तर पुढचा बुधवार आठवाच येतो. "आठ दिवसांनी या" असं सांगणारा दुकानदार तुम्हाला पुढच्या त्याच वारी बोलावतो, नवव्या दिवशी नव्हे. पूर्वी कधीतरी आठ दिवसांचा आठवडा होता, असं छातीठोक सांगणारे मला भेटले आहेत. त्यांनी त्या आठव्या वाराचं नाव सांगावं. आणि पंधरवड्याचं उदाहरण देऊन मला कोंडीत पकडायला येऊ नये. पक्षात तिथी पंधराच असतात, तिथे टोकं मोजायचा प्रश्नच येत नाही.