मेमरी चिपची बिन फाइल वाचायची कशी?

प्रश्न : माझा अँड्रॉइड ४.४ चा फोन चालूच होत नाही. दुरुस्तीवाल्याने बोर्डावरची ईएमएमसी चिप (फोनचा सगळा डेटा साठवणारी) काढून ती पूर्ण वाचली आणि ४ जीबीची एक बिन फाइल (चिपमधल्या बाइटांची जशीच्या तशी नक्कल) दिली. एका टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडली तर नुसती चित्रविचित्र अक्षरं. मला फक्त वडिलांचे एसएमएस आणि फोननंबर हवेत. फाइल खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही, पण तो एडिटर आधी बंद करा आणि ‘सेव्ह करायचं का’ विचारलं तर नाही म्हणा. मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीवरच काम करायचं.

प्रत हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. वर-खाली कुठेही जा, सगळीकडे ०० किंवा एफएफच असेल तर वाचनच फसलंय. चिप पुन्हा वाचून घ्या. दोनदा वाचायला सांगा आणि दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) जुळतो का ते बघा. (हे न करताच फाइल हातात ठेवणारे पुष्कळ.)

चिपची साठवण पार्टिशन नावाच्या कप्प्यांत विभागलेली असते. त्यातल्या बूट, रिकव्हरी, सिस्टीम या पार्टिशनांत शिरू नका. ते कंपनीचं फर्मवेअर, त्यात वडील सापडायचे नाहीत. तुमचं सगळं ‘यूजरडेटा’ पार्टिशनमध्ये, आणि ते बहुतेक एक्स्ट४ या फाइल-व्यवस्थेत असतं. लिनक्सवर ते केवळ-वाचन पद्धतीने माउंट करा, म्हणजे आतल्या फाइली दिसतील अशा रीतीने जोडा. फोन अचानक गेला असेल तर जर्नल (बदलांची नोंदवही) अर्धवट राहतो आणि माउंट नाकारलं जातं. तेव्हा माउंटच्या आज्ञेत ‘नोलोड’ (जर्नल वाचू नको) हा पर्याय जोडा. आत टेलिफोनी प्रोव्हायडरच्या फोल्डरात ‘एमएमएसएसएमएस.डीबी’ आणि कॉन्टॅक्ट्स प्रोव्हायडरच्या फोल्डरात ‘कॉन्टॅक्ट्स२.डीबी’ मिळेल. दोन्ही एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइली. शेजारी त्याच नावाची जर्नल किंवा वॅल फाइल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) असेल तर तीही उचला. ताजे संदेश कधी कधी तिच्यातच अडकलेले असतात.

माउंट झालंच नाही, तर थेट बाइट शोधा. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते आणि सुरुवात ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ने होते. ‘आई’ शोधायचं तर ई० ए४ ८६ ई० ए४ ८८. वडील मराठीत लिहीत असतील तर हा मार्ग फार कामाचा. रोमन लिपीत लिहीत असतील तर साधा मजकूर शोधा. पुसलेले संदेशही असे कधी कधी हाती लागतात, फक्त तुकड्यातुकड्यांत.

अँड्रॉइड ४.४ मध्ये एन्क्रिप्शन (डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करणं) आपोआप सुरू नसे. सेटिंगमध्ये जाऊन तुम्हीच ते सुरू केलं असेल, तर वरचं काहीच चालणार नाही. आणि नंबर सिमवर सेव्ह असतील तर एवढा खटाटोप कशाला, सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला.

प्रश्न : माझा अँड्रॉइड ११ चा फोन मेला आहे. चिप काढून असंच करता येईल का?

उत्तर : नाही, आणि कुणी काढतो म्हणालं तरी काढू देऊ नका. डेटा एन्क्रिप्टेड असतो आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. सुट्या चिपमधून निघेल तो निव्वळ गोंधळ. बोर्डावरचं शॉर्ट सर्किट शोधून फोन तासभर जरी जिवंत करता आला, तरी पिन टाकून सगळं उतरवता येतं. पैसे घालवायचेच तर त्या दुरुस्तीवर घालवा.