रात्री नऊचा फोन आणि तोंडपाठ 40 प्रोग्राम

माझ्याकडे आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजी आहेत. मुलगी पुण्यात हॉस्टेलला राहून बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करतेय, पहिलं वर्ष. दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावी सायन्सला 74 टक्के. पहिल्या सेमिस्टरला बाकी सगळे विषय निघाले, सी प्रोग्रामिंग राहिला. गुरुजी विचारतात, "एका क्लासवाल्यांनी 65 हजारात फुल स्टॅक (वेबसाइटचं पुढचं-मागचं सगळं काम) आणि नोकरीची गॅरंटी सांगितलीय, तिथे घालू का? की तिचं डोकंच कोडिंगचं नाही असं समजून पुढच्या वर्षी बीकॉमला टाकू? रोज रात्री नऊला फोनवर एकेक प्रोग्राम म्हणून घेतो. सेमीकोलन (ओळीच्या शेवटचं ; हे चिन्ह) विसरली तर पहिल्यापासून म्हणायला लावतो. 40 प्रोग्राम तोंडपाठ आहेत, तरी नापास कशी?" सोबत प्रश्नपत्रिकेचा फोटो आहे.

गुरुजी, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या नऊच्या फोनपाशीच थांबले. क्लास, बीकॉम ते बघू नंतर. आधी मला त्या फोनचं बोलायचंय.

पोर मेसमधून जेवून येते, रूममध्ये बाकीच्या मुली असतात म्हणून फोन घेऊन बाहेर जिन्यात वगैरे जात असेल, आणि तिथे उभी राहून म्हणते, हॅश इन्क्लूड, इंट मेन, कंस उघडा, कंस बंद, महिरपी कंस उघडा. इकडे तुम्ही तिच्या जर्नलचे फोटो समोर ठेवून ओळीओळीवर टिक करता. एक सेमीकोलन राहिला की पुन्हा हॅश इन्क्लूडपासून. मला माहितीय तुम्ही हे मायेनं करताय, नोकरीची इतकी वर्षं झाल्यावर स्वतःला न येणाऱ्या विषयाचे शब्द तुम्ही लेकीसाठी वाचायला शिकलात, असं किती बाप करतात. पण गुरुजी, स्पष्ट सांगते, तिचा पेपर राहिला त्यात ह्या फोनचा मोठा वाटा आहे. सेमीकोलन राहिला तर कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर, एका सेकंदात एरर देतो, बऱ्याचदा पुढच्या ओळीवर दाखवतो एवढंच, मग मुलं एक ओळ वर बघायला आपोआप शिकतात. रोज कोडिंग करणारी माणसंसुद्धा सेमीकोलन विसरतात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. जी चूक मशीन न रागावता दाखवतं तिच्यासाठी तुमची लेक रोज रात्री बापाचा आवाज चढलेला ऐकतेय. प्रोग्रामिंग म्हणजे चुकलं की सगळं पहिल्यापासून, अशी भीती तिच्या मनात बसली असेल तर ती नवीन काही करून बघणारच नाही, आणि करून बघितल्याशिवाय हा विषय येत नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या पेपरचं. तुम्ही लिहिलंय की एका प्रश्नाचा अख्खा प्रोग्राम तिनं बरोबर लिहिला, फक्त एक ओळ कमी पडली आणि मार्क दिले नाहीत, हा अन्याय आहे. प्रश्न काय होता बघा: दिलेल्या संख्येतल्या फक्त सम अंकांची बेरीज करा. तिनं लिहिला अंकांच्या बेरजेचा प्रोग्राम, कारण तुमच्या 40 मध्ये तो होता. 4726 दिले तर तिचं उत्तर येतं 19, यायला हवं 12. गुरुजी, ती जी ओळ कमी पडली ना, पेपर काढणाऱ्यानं प्रश्नच त्या ओळीसाठी घातला होता. बाकीचं सगळं तर प्रत्येकाच्या जर्नलमध्ये असतंच.

आणि गंमत म्हणजे हा प्रोग्राम तुम्हाला तुमच्या लेकीपेक्षा चांगला कळेल. तुम्ही तिसरी-चौथीच्या पोरांना भागाकार शिकवता. 4726 ला 10 ने भागा. भागाकार 472, बाकी 6. बाकी म्हणजे शेवटचा अंक, सुटा निघाला. 6 सम आहे का, आहे, बेरजेत घाला, बेरीज 6. आता हातात राहिले 472, पुन्हा 10 ने भागा, बाकी 2, सम, बेरीज 8. मग 47, बाकी 7, विषम, त्याला सोडून द्या, बेरीज 8 च. मग 4, बाकी 4, बेरीज 12, आणि भागाकार झाला 0, थांबा. झाला प्रोग्राम. लूप लूप म्हणतात तो हाच, शून्य होईपर्यंत तेच तेच करत राहणं, आणि राहिलेली ओळ म्हणजे "सम असेल तरच घे". तिनं वहीत तीन रकाने आखून, संख्या, बाकी, बेरीज, असं एकदा हातानं भरलं असतं तर पाठ करायची वेळच आली नसती. उद्या कुणी विचारलं सगळ्यात मोठा अंक शोध, तर तोच तक्ता, फक्त तिसऱ्या रकान्यात बेरजेऐवजी आतापर्यंतचा मोठा अंक.

पाठ करण्यासारखं ह्या भाषेत फार काही नाहीच हो. सी भाषा डेनिस रिची यांनी 1972 च्या आसपास अमेरिकेत बेल लॅब्ज ह्या संशोधन संस्थेत तयार केली, 1989 साली तिचं प्रमाण रूप ठरलं तेव्हा तिच्यातले राखीव शब्द, म्हणजे भाषेचे स्वतःचे ठरलेले शब्द, होते 32. बत्तीस. तुमची पहिलीतली पोरं ह्याहून जास्त अक्षरं शिकतात. पण मुळाक्षरं आली म्हणून कुणी निबंध पाठ करत नाही, आणि पाठ केलाच तर विषय बदलल्यावर काय होतं ते तुम्ही दर परीक्षेला बघता, पावसाळ्यावर विचारलं की पोरगं माझी शाळा लिहून येतं.

आता ते "डोकंच कोडिंगचं नाही" वालं वाक्य. हे माझ्याकडे इतक्या पत्रांत येतं की ह्यावर जरा सविस्तर लिहिते. काहींना उपजत येतं आणि काहींना कधीच येत नाही, असं कॉलेजातले शिक्षकसुद्धा मानायचे, अजून मानतात. 2006 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट या दोन संशोधकांनी एक शोधनिबंध लिहिला, की कोर्स सुरू व्हायच्या आधीच एका साध्या चाचणीवरून कोण पास होणार आणि कोण नाही ते ओळखता येतं. तो इंटरनेटवर प्रचंड फिरला, लोकांना हवं तेच त्यात लिहिलेलं होतं ना. 2014 साली बोर्नाट यांनी स्वतः तो मागे घेतला, आम्हाला अशी कुठली चाचणी सापडलेली नव्हती असं कबूल केलं आणि माफी मागितली. मग 2016 मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या विद्यापीठातले कॉम्प्युटर सायन्सच्या 778 वर्गांचे निकाल तपासले, की खरंच मुलांचे येणारे आणि न येणारे असे दोन ढीग पडतात का. जेमतेम सहा टक्के निकालांत तसं काही दिसलं. बाकी सगळीकडे इतर विषयांसारखेच मार्क, मधे गर्दी आणि कडेला थोडे. हे खोटं आहे हे कळलं तरी वाक्य काही मेलं नाही, ते आता तुमच्या पत्रातून माझ्याकडे आलंय. हे तिच्यासमोर बोलला नसाल तर बोलू नका, आणि बोलला असाल तर मागे घ्या, बोर्नाट यांनी घेतलं तसं.

नापास होण्याचं म्हणाल तर 2007 साली डेन्मार्कच्या दोन प्राध्यापकांनी जगभरातल्या साठेक कॉलेजांकडून प्रोग्रामिंगच्या ह्याच पहिल्या कोर्सचा निकाल गोळा केला होता, सरासरी तीनातला एक विद्यार्थी पास होत नव्हता. तुमची लेक काही जगावेगळी अडखळलेली नाहीये. हार्वर्डचा प्रोग्रामिंगचा पहिला कोर्स आज जगभर लोक फुकट बघतात, सीएस50 म्हणून, तो शिकवणारे डेव्हिड मॅलन स्वतः कॉलेजला राज्यशास्त्र करत होते आणि दुसऱ्या वर्षी बिचकत बिचकत हा कोर्स घेतला होता.

65 हजारांचं एका वाक्यात सांगते, देऊ नका. जिला लूप लिहिताना धाप लागतेय तिला फुल स्टॅक शिकवणं म्हणजे जोडाक्षरं येत नसलेल्या पोराला वक्तृत्व स्पर्धेत उभं करणं आहे, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला नोकरीची गॅरंटी लिहून देणाऱ्याचं मला काहीच पटत नाही. त्यातले तीस-पस्तीस हजार घालून एक बरा सेकंडहँड लॅपटॉप घ्या. पत्रात कुठेच लॅपटॉपचा उल्लेख नाही, म्हणजे ती आठवड्यातून एकदा लॅबमध्ये बसते, तेही कदाचित शेजारणीबरोबर एका मशीनवर, आणि उरलेला आठवडा वहीत प्रोग्राम लिहिते. मी काही वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवायचे, तिथे मुलं जर्नल आधी पूर्ण करायची, आउटपुटसकट, आणि प्रोग्राम नंतर रन करायची किंवा करायचीच नाहीत, आणि आम्ही सह्या करत होतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

इंग्रजीमुळे अडत असेल, आणि मला वाटतं थोडं अडतही असणार, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे सी चे धडे मराठीतून आहेत, छोटे छोटे, फुकट. ती ऐकत ऐकत शेजारी टाइप करू शकते. एरर आली की कॉपी करून गूगलवर टाकायच्या आधी मोठ्यानं वाचायची आणि मराठीत सांगायचं की मशीन काय म्हणतंय, ही सवय लागली की निम्मी भीती जाते.

बीकॉमचं आत्ता काही ठरवू नका. एटीकेटी आहे, पेपर पुन्हा देता येतो. पुढचे एमसीए सीईटी, निमसेट (दोन्ही एमसीएच्या प्रवेशपरीक्षा), एमएस्सी हे रस्ते तीन वर्षांनी आहेत, आज त्यांचं टेन्शन घेऊन काही होत नाही. वर्षाच्या शेवटी, चार महिने मशीनवर हात चालल्यावर, तिचं तिलाच विचारा की आवडतंय का. नाही म्हणाली तर बदला, त्यात कमीपणा काही नाही. पण आत्ताचं तिचं "नाही" हे पाठांतराला असेल, विषयाला आहे का ते तिलाही माहीत नसणार.

आणि नऊचा फोन आजपासून ह्या कामासाठी बंद. चार-सहा आठवडे प्रोग्राम हा शब्दही काढू नका. पुढे तिला वाटलं तर ती रविवारी तुम्हाला एखादा प्रोग्राम समजावून सांगू दे, कोड न वाचता, मघाशी आपण 4726 चं केलं तसं, आणि तुम्ही वर्गात पोराची हातच्याची चूक कुठे झाली ते न ओरडता शोधता तसं फक्त विचारायचं, मग पुढे काय झालं, आता हातात काय राहिलं. तुम्हाला सी येत नाही हे उलट बरंय, तिला खरंच समजावून सांगावं लागेल. पण तिची इच्छा असेल तरच.

एक काम मात्र लगेच करा. युनिव्हर्सिटीकडून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, मुदत थोडी असते, तेव्हा तिला उद्याच कॉलेजच्या ऑफिसात विचारायला सांगा. मार्क वाढवायला नकोय ती कॉपी. लेक कुठल्या ओळीपर्यंत स्वतःच्या डोक्यानं लिहीत होती आणि कुठून पाठ केलेलं सुरू झालं ते मला बघायचंय. कॉपी आली की मला पाठवा, आणि सोबतचं पत्र ह्या वेळी तिला लिहू दे.