गरम झाली की बंद पडणारी गाडी आणि कच्ची पावती

प्रश्न: तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार लिहितात: दिवाळीच्या पाडव्याला दहा वर्षांच्या मुलासाठी पुण्यातल्या एका दुकानातून ११० सीसीची छोटी एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालवायची चार चाकांची गाडी) ७२ हजारांना घेतली. ५० हजार यूपीआयने दिले, २२ हजार रोख. पावती कच्ची मिळाली. 'इंजिनला एक वर्ष काही टेन्शन नाही' असं दुकानदाराने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. महिनाभरात गाडी पंधरा-वीस मिनिटं चालली की बंद पडायला लागली. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू होते. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, प्लग बदलला. गावातला मिस्त्री म्हणतो, हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलून बघू. दुकानदार म्हणतो, गाडी भाड्याने फिरवली म्हणून वॉरंटी गेली. फार तर इंजिन उतरवून पाठवा, निम्मे पैसे भरा, नवीन इंजिन टाकून देतो. काय करावं?

उत्तर: आधी मिस्त्रीला फोन करा आणि हेडला हात लावू नको म्हणून सांगा. बाकीचं मग वाचा.

हेड एकदा खोललं की दुकानदाराच्या वकिलाला दुसरं काही शोधावं लागत नाही. 'इंजिन बाहेरच्या माणसाने उघडलं, बिघाड त्यानेच केला' एवढं एक वाक्य त्याला पुरतं. दोष मुळातला होता हे दाखवण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते आणि तुमचा पुरावा त्या इंजिनातच आहे. कार्ब्युरेटरची सफाई आणि प्लग बदलणं ही रोजची देखभाल झाली, त्याने फारसं बिघडत नाही. मात्र काढलेला जुना प्लग फेकला नसेल तर पिशवीत घालून जपून ठेवा.

मी वकील आहे, मिस्त्री नाही. पण गाड्यांची प्रकरणं चालवताना इंजिनाचं थोडं शिकावंच लागतं. थंड असताना चालणारी आणि तापली की बंद पडणारी छोटी गाडी बहुतेक वेळा तीनपैकी एका कारणाने बंद पडते. एक, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं; पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत पोकळी धरते आणि पुढचं पेट्रोल येत नाही. दोन, इग्निशन कॉइल किंवा सीडीआय (प्लगला स्पार्कची वीज देणारे भाग) तापल्यावर स्पार्क देईनासा होतो. तीन, टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग) घट्ट बसवलेले असतात. वॉल्व्ह तापून लांबतो, पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं. शिळं पेट्रोल हे चौथं कारण धरा. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. (हे आपल्याच कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून निघतं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार.) पण शिळ्या पेट्रोलची गाडी थंड असतानाच नखरे करते, फक्त तापल्यावर नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की यातलं प्रत्येक कारण कायद्याच्या तराजूत वेगळं बसतं. झाकणाचं भोक बागेतल्या मातीने बुजलं असेल तर ती तुमची देखभाल. महिन्याभरात कॉइल तापून दगा देत असेल किंवा टॅपेट मुळातच चुकीचे बसवले असतील, तर तो मालातला दोष. म्हणून चाचणी करा, पण कागदावर येईल अशी. गावातले दोन जाणते लोक उभे करा आणि एकाला मोबाइलवर न थांबता चित्रण करायला सांगा. सुरुवातीला चासी नंबर आणि इंजिन नंबर स्पष्ट दिसू द्या. ताजं पेट्रोल भरा, पेट्रोलचा कॉक उघडा, हँडलवरचा बंद करायचा स्विच आणि मागची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी जागेवर आहे ते दाखवा. मग मोकळ्या आवारात मोठ्या माणसाने गाडी चालवावी, मुलाने नाही. बंद पडली की ताबडतोब टाकीचं झाकण सैल करून किक किंवा स्टार्टर मारा. लगेच चालू झाली तर दोष झाकणात. नाही झाली तर प्लग काढा, त्याच्या वायरच्या कॅपला लावून इंजिनाच्या धातूला टेकवा आणि स्पार्क पडतो का बघा. पेट्रोल सांडलेलं नसावं आणि पोरं लांब असावीत. स्पार्क नाही म्हणजे दोष विजेच्या बाजूचा. स्पार्क जोरात आहे म्हणजे पेट्रोल किंवा कॉम्प्रेशन. अर्ध्या तासाने गार झाल्यावर तीच चाचणी पुन्हा करा. टॅपेट तपासायलाही हेड काढावं लागत नाही, पण ते काम आत्ता नको. ते तज्ज्ञासमोर होऊ द्या.

आता तुमच्या पत्रात कंसात टाकलेलं वाक्य. 'गावच्या यात्रेत दोन दिवस पोरांना वीस-वीस रुपयांत फेऱ्या मारू दिल्या.' वकिलाला कंसातलीच वाक्यं आधी दिसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी माल घेणारा ग्राहक ठरत नाही, आणि दुकानदार नेमकं हेच धरून बसला आहे. पण न्यायालयं बघतात ती खरेदीमागचा मुख्य हेतू काय होता ते. मुलाच्या हौसेसाठी पाडव्याला घेतलेली गाडी दोन दिवसांच्या यात्रेमुळे धंद्याची होत नाही. ही गोष्ट तक्रारीत स्वतःहून लिहा, लपवू नका. गावातलं यात्रेचं चित्रण दुकानदारापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही, आणि ग्राहक आयोगासमोर ते त्याच्या हातून आलं तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. बिघाड यात्रेच्या आधी सुरू झाला होता का, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. दुकानदाराला पहिला तक्रारीचा मेसेज कोणत्या तारखेला गेला ते बघा. सगळं त्या तारखेवर टेकलेलं आहे.

कच्च्या पावतीची काळजी नको. रीतसर बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद, कच्ची पावती आणि व्हॉट्सॲपचं संभाषण मिळून व्यवहार सिद्ध होतो. तो मेसेज ज्या फोनवर आला तो फोन विकू नका, रिसेट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडून ठेवलेलं बरं. आणि 'एक वर्ष टेन्शन नाही' हे नुसतं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. विक्रीआधी लेखी दिलेला तो शब्द आहे, त्याला हमीच म्हणायचं.

तक्रारीसाठी पुण्याला खेटे घालायला नकोत. तुम्ही जिथे राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच ती दाखल करता येते, ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आधी नोटीस पाठवणं सक्तीचं नाही, पण पाठवा: स्पीड पोस्टाने, पोहोचपावतीसह, पंधरा दिवसांची मुदत देऊन, आणि 'गाडी जशी आहे तशी ठेवली आहे, येऊन समक्ष तपासा' हे वाक्य घालून. पुढे गरज पडली तर आयोगाकडे तज्ज्ञ तपासणीचा अर्ज करता येतो. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागेल. आपल्याकडे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथल्या यंत्र विभागाचं नाव अर्जात सुचवा. कायदा तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यायला सांगतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला.

मागणी बेताची ठेवा. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या प्रकरणात सांगितलं आहे की वॉरंटीत भाग बदलून देण्याचंच वचन असेल, तर एका सदोष भागासाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून पहिली मागणी दोष काढून देण्याची, तो निघत नसेल तर पैसे परत, वर वाजवी भरपाई आणि खर्च. मानसिक त्रासाचे पाच लाख लिहिणारे अर्ज मी बरेच पाहिले आहेत. ते वाचताना समोरचा वकील हसतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. मुलगा कॅनॉलच्या रस्त्याने गाडी घेऊन बागेत येतो असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. ते आजपासून बंद. मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना जी सूट आहे ती चारपेक्षा कमी चाकांच्या गाड्यांना. तुमची चार चाकांची, ११० सीसीची. सार्वजनिक जागी अल्पवयीन मुलाने चालवताना गुन्हा घडला तर कलम १९९अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. नोंदणी नाही, विमा नाही. कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर येईल. स्वतःच्या कुंपणाच्या आत वेगळी गोष्ट. तिथेही मडगार्डवरचा स्टिकर वाचा. त्यावर बारा किंवा सोळा वर्षांची अट असेल आणि उद्या मुलाला इजा झाली, तर त्या इजेबद्दलचा तुमचा दावा लंगडा पडेल. इंजिनाच्या दोषाची तक्रार त्याने अडत नाही.

राहिला निम्म्या पैशाचा प्रस्ताव. चाचणीत स्पार्क नाही असं निघालं तर तो मुळीच घेऊ नका, कारण कॉइल आणि सीडीआय इंजिनात नसतातच, बाहेर चासीवर बसवलेले असतात. नवीन इंजिन टाकूनही जुन्या कॉइलवर गाडी पुन्हा पंधराव्या मिनिटाला उभी राहील, आणि तोवर मूळ इंजिन पुण्यात भंगारात गेलेलं असेल. चाचणीत दोष कॉम्प्रेशनचा निघाला तर बोलणं सुरू करा, पण पूर्ण खर्च त्याचा, आणि इंजिन हातातून सोडण्याआधी इंजिन नंबर, तक्रार आणि तारीख लिहिलेली, दुकानाचा शिक्का असलेली पोहोच घ्या. आणि दोष झाकणातच निघाला तर सुईने भोक मोकळं करा. मग नोटीस नको आणि माझी फीही नको.