चाइल्ड प्लॅनचा चेक थांबवा, आधी बाळाच्या पहिल्या पंधरा दिवसांचं बघा

निपाणीजवळच्या एका गावातून पत्र आलं आहे. ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, महिन्याला सरासरी 40 हजार हातात. पत्नीला 31 वा आठवडा चालू आहे, रक्तदाब वाढलाय. 34 व्या आठवड्याच्या आसपास सिझेरियन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ‘वजन चांगलं आहे, काचेत ठेवायला बहुतेक लागणार नाही,’ असंही ते म्हणाले. सौहार्द सोसायटीत (म्हणजे सहकारी पतसंस्थेत) 2 लाखांची ठेव, बँकेत 1 लाख 20 हजार आणि 14 महिन्यांपूर्वी घेतलेला 5 लाखांचा फॅमिली मेडिक्लेम. प्रश्न एवढाच: विमा एजंटने सांगितलेला चाइल्ड प्लॅन घ्यावा की एसआयपी करावी? प्लॅन असा, की वर्षाला 1 लाख 12 वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी 24 लाख मिळणार. पहिल्या हप्त्याचा शुक्रवारच्या तारखेचा चेक देऊनही झालाय.

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत संपतं. 12 लाख भरून 24 लाख ऐकायला गोड वाटतं. पण तुमचा एकेक लाख सरासरी साडेचौदा वर्षं अडकतो, म्हणजे व्याज पडतं पाच टक्क्यांच्या आत. हेच पैसे पीपीएफमध्ये सध्याच्या 7.1 टक्क्यांनी साधारण 33 लाख होतात. हा दर वीस वर्षं टिकेल असं नाही, तरी फरक 9 लाखांचा आहे. पोटातल्या बाळाच्या नावाने आईबापांच्या काळजीवर विकलेल्या या योजनांचा मला मनापासून राग येतो. एसआयपी चांगली, पण आत्ता तीही नको.

आता तुम्ही न विचारलेलं. शुक्रवारी तो चेक वटला की तुमच्याकडे मोकळे 20 हजार उरतात, आणि तीन आठवड्यांत सिझेरियन आहे. बाळाच्या खर्चासाठी तुम्ही दोन गोष्टींवर भिस्त ठेवली आहे, एक मेडिक्लेम आणि दुसरी डॉक्टरांचं ‘बहुतेक’. दोन्ही कच्च्या आहेत.

मेडिक्लेमची पॉलिसी काढा आणि ‘मातृत्व’ व ‘नवजात’ ही कलमं वाचा. बहुतेक वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसींत बाळंतपणाला दोन ते चार वर्षांची प्रतीक्षा असते, आणि बाळाचं नाव 90 दिवसांनंतरच घालता येतं. तुमची पॉलिसी अशीच असेल तर ज्या पंधरा दिवसांत खर्च होणार, त्या दिवसांत बाळ विम्याबाहेर असेल. 5 लाखांचा आकडा तुम्ही हिशेबातून पुसून टाका.

आता ते ‘बहुतेक’. 37 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या कुठल्या बाळाला एनआयसीयू (नवजात अतिदक्षता विभाग) लागेल, हे आधी नक्की सांगता येत नाही, फक्त शक्यता कमी-जास्त करता येते. आणि त्यात वजनापेक्षा आठवडे जास्त बोलतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण 34 व्या आठवड्याला बसू लागतो. फुप्फुसं उघडी ठेवणारा द्रवही त्याच सुमारास पुरेसा होतो. तुमचं बाळ नेमकं त्या उंबरठ्यावर येणार आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बाळांचा एक मोठा अभ्यास 2008 मध्ये आला. 34 ते 36 आठवड्यांत जन्मलेल्यांपैकी 22 टक्क्यांना जन्मानंतर आजारपण आलं, पूर्ण दिवसांच्या बाळांत ते 3 टक्के होतं. 38 आठवड्यांच्या अलीकडे एकेक आठवडा मागे जाल तसं प्रमाण जवळजवळ दुप्पट होत गेलं. आईचा रक्तदाब वाढलेला असलेली बाळं त्यात जास्त नाजूक निघाली. शिवाय कळा न येता केलेल्या सिझेरियनमध्ये श्वासाचा त्रास जास्त दिसतो, मुलग्यांत मुलींपेक्षा थोडा अधिक. मुलगा की मुलगी हे आत्ता माहीत नाही, बाकी सगळं तुमच्या घरात एकत्र आलंय.

खरं चित्र जन्मानंतरच्या काही तासांत कळतं: श्वास मिनिटाला साठच्या वर आहे का, कण्हतंय का, साखर उतरते का, अंग गार पडतं का, दूध ओढतंय का. कावीळ तर चौथ्या-पाचव्या दिवशी जोर धरते, म्हणजे घरी नेलेलं बाळ पुन्हा दाखल होऊ शकतं. म्हणून पैसे पहिल्या तासापासून हाताशी हवेत.

किती? हिशेबासाठी खासगी एनआयसीयूचा दिवस 10 हजारांचा धरू. अशी बाळं बहुधा 35-36 आठवड्यांची होईपर्यंत राहतात, म्हणजे दहा ते पंधरा दिवस, दीड लाखापर्यंत. श्वासाला यंत्र आणि औषधं लागली तर दोन-अडीच लाख. सिझेरियनचे साठ-सत्तर हजार वेगळे. बेरीज तीन लाखांच्या पुढे जाते, आणि तुमच्याकडे एकूण 3 लाख 20 हजार आहेत. त्यातला एक रुपयाही वीस वर्षांसाठी कुठे गुंतवायचा नाही.

बँकेत जाऊन चेकचं पेमेंट आजच थांबवा आणि एजंटला प्रस्ताव मागे घेतल्याचं लेखी कळवा. पॉलिसी निघालीच तर ती मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. सोसायटीला विचारा, ठेवीवर कर्ज किती आणि किती दिवसांत, तेही लिहून घ्या. पुढेमागे ही ठेव बँकेत हलवा, कारण बँक ठेवींना असलेलं 5 लाखांचं विमासंरक्षण पतसंस्थांना नाही. कमी पडलंच तर दागिन्यांवर सोनेतारण काढा, पर्सनल लोन नको.

दुसरा निर्णय पैशाचाही आहे आणि बाळाचाही: प्रसूती कुठे? तुम्ही गावाजवळचं नर्सिंग होम ठरवलंय. तिथे नवजात अतिदक्षता नसेल तर जन्मल्यावर बाळाला कोल्हापूर किंवा बेळगावला पळवावं लागेल. त्यापेक्षा पोटात असतानाच वहिनींना तिकडे नेणं बाळाला कितीतरी सुरक्षित. डॉक्टरांना एक प्रश्न याच आठवड्यात विचारा: फुप्फुसांसाठीची स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची का आणि कधी? ती अगदी स्वस्त आहेत. 34 आठवड्यांच्या आतल्या बाळंतपणांत त्यांनी नवजात मृत्यू कमी होतात, हे 2020 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत दिसलं. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजही त्यात होतं. पण ती वेळेवर, जन्माच्या किमान दिवसभर आधी पडली तरच पुरतं काम करतात.

सरकारी मदतीला कमीपणा मानू नका. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला 5 लाख. एपीएल असेल तर पॅकेजच्या 30 टक्केच, आणि दीड लाखापर्यंत. आपल्या 865 सीमाभागी गावांना महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली. पण कर्नाटक सरकारचा तिला विरोध आहे, तेव्हा कोल्हापूरच्या रुग्णालयात आधी चौकशी करा, तिच्या भरवशावर बसू नका.

बाळ घरी सुखरूप आलं की जन्मदाखला लगेच काढा. 91 व्या दिवशी त्याचं नाव मेडिक्लेममध्ये घाला, आणि तुमच्या नावाने साधा टर्म इन्शुरन्स घ्या. एसआयपीची रक्कम त्यानंतर ठरवू.