मेथी-संत्र्याची कोशिंबीर प्रथमच करणाऱ्यांसाठी

आपल्या नाशकात निफाडकडची थंडी उतरू लागली की गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मेथीच्या कोवळ्या जुड्या येतात. त्यांतली लहान पानांची जुडी निवडावी, कारण फुलोऱ्यावर आलेली मेथी कच्ची खाण्याइतकी सौम्य राहत नाही. पाने तीन-चार पाण्यांतून धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करावीत. दोन वाट्या पानांना एक संत्रे पुरते.

खरी मेहनत संत्र्याची आहे. प्रत्येक फोडीवरचा पापुद्रा, पांढऱ्या शिरा आणि बिया काढाव्यात, कारण कडवटपणा त्यांतही असतो आणि तो मेथीच्या कडूपणात भर घालतो. मीही पूर्वी फोडी तशाच टाकत असे आणि दोष मेथीला देत असे! संत्रे फार गोड असल्यास लिंबाचे चार थेंब पिळावेत.

दाण्याचे जाडसर कूट दोन चमचे आणि कच्चे शेंगदाणा तेल एक चमचा घालावे, कारण स्निग्धतेने कडूपणा जिभेला कमी बोचतो. साखर मला अनावश्यक वाटते. मीठ मात्र ताट वाढतानाच घालावे, अन्यथा पानांना पाणी सुटून कूट लगदा होते.