चांगला खेळलास की तोंडं बंद होतील?

मुलाला रंगावरून चिडवतात, काय करायचं? अमेरिकेत, ओहायोतले मराठी आईबाबा हा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे नेहमी येतात. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा नववीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये. चणीनं लहान, पण पळायला चपळ. सरावात तो खाली पडला की दोघं-तिघं मुद्दाम अंगावर पडायचे, लॉकर रूममध्ये रंगावरून बोलायचे. तो गाडीतच कपडे बदलायला लागला, तेव्हा आईला शंका आली. ती म्हणाली, "ताई, खेळच सोडू दे त्याला." बाबांचं म्हणणं वेगळं, "लक्ष देऊ नकोस. असा खेळ, की त्यांची तोंडंच बंद होतील."

बाबांचा हा सल्ला प्रेमापोटी असतो, पण मला तो घातक वाटतो. म्हणून मी त्यांना फ्रिट्झ पोलार्डबद्दल सांगितलं.

पुढे जिचं नाव एनएफएल झालं, त्या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम 1920 चा. विजेता संघ इथल्याच अ‍ॅक्रनचा आणि पोलार्ड त्याचा हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. त्या हंगामात खेळलेल्या दोन कृष्णवर्णीयांपैकी एक. 1921 मध्ये तो संघाचा प्रशिक्षकही झाला, लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. उंची पावणेसहा फूट, वजन जेमतेम 75 किलो. त्याला पाडलं की समोरचे मुद्दाम वरून उड्या घ्यायचे. तो पडल्या पडल्या पाठीवर लोळायचा आणि दोन्ही पाय वर घेऊन हवेत फिरवायचा. बुटांचे खिळे तोंडासमोर आले की अंगावर झेपावायला कोण धजावणार?

इथे मुलगा पहिल्यांदा सावरून बसला. मारामारी करायची नाहीतर मुकाट सोसायचं, एवढंच त्याला माहीत होतं. अंग राखून खेळत राहता येतं, हे त्याला नवं होतं.

पुढचं बाबांसाठी होतं. अ‍ॅक्रनमध्ये पोलार्डला संघाबरोबर कपडे बदलता येत नव्हते. मालकांपैकी फ्रँक नीड यांच्या सिगारच्या दुकानात तयार होऊन तो मैदानावर जायचा. विजेत्या संघाचा सगळ्यात गाजलेला खेळाडू! इतकं करूनही 1934 ते 1945 या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पोलार्डनंतरचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक यायला 1989 उजाडलं. पोलार्ड 1986 मध्ये गेला आणि हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याला घेतलं 2005 मध्ये. खेळून तोंडं बंद होत असती, तर त्याच्याइतकं खेळणारं दुसरं कोण होतं? दोष त्याच्या खेळात नव्हताच. पोलार्डनं सोसलं ते फार मोठं होतं, आपल्या मुलांच्या त्रासाला ते माप लावू नये, हेही मी सांगितलं.

बाबा म्हणाले, "मी ऑफिसात इतकी वर्षं हेच करत आलोय."

मग कामाला लागलो. कोण काय बोललं, कधी, समोर कोण होतं, हे मुलानं तारीखवार लिहिलं. टीममधला एक मित्र साक्ष द्यायला तयार झाला. आईबाबांनी शाळेला लेखी तक्रार दिली आणि भेटीची वेळ मागितली. चिडवणाऱ्या मुलांना काही सामने बाहेर बसवलं. कुजबुज अजून पूर्ण थांबलेली नाही, त्यामुळे मुलाची वही चालूच आहे. खेळ त्यानं सोडला नाही, ते त्याचं त्यानं ठरवलं.

पुढची सत्रं बाबांनी स्वतःसाठी मागून घेतली.