नेदील्या: रविवार की आठवडा?

प्रश्न असा आलाय: रशियन जेमतेम जमल्यावर युक्रेनियन शिकायला घेतली, तर पहिल्याच धड्यात 'नेदील्या'ने घोळ केला. रशियनमध्ये 'न्येद्येल्या' म्हणजे आठवडा, युक्रेनियनमध्ये रविवार. खरा अर्थ कोणता? आणि असे फसवे शब्द आणखी कोणते?

आपापल्या भाषेत दोन्ही खरे, पण मूळचा रविवार. 'युक्रेनियन म्हणजे बिघडलेली रशियन' हे ऐकून कान किटलेत, म्हणून ठासून सांगतो: इथे जुना अर्थ युक्रेनियनने जपलाय आणि सरकलाय तो रशियनचा. 'ने' म्हणजे न, 'देल' म्हणजे काम. काम न करण्याचा वार. पोलिश आणि बल्गेरियनमध्येही तो रविवारच. पुरावा खुद्द रशियनच्या घरात आहे. सोमवारला ते 'पोन्येद्येल्निक' म्हणतात, म्हणजे न्येद्येल्याच्या मागून येणारा. इथे आठवडा घालून बघा, अर्थच लागत नाही. रशियन चर्चच्या पंचांगात आजही न्येद्येल्या म्हणजे रविवार, आणि आठवड्याला 'सेद्मित्सा', आपल्या सप्ताहासारखाच सातावरून.

मग युक्रेनियन आठवड्याला काय म्हणतात? 'तिझ्देन'! जुनं रूप 'त झे देन': 'त' म्हणजे तो, 'देन' म्हणजे दिन (दोन्ही आपल्या शब्दांचे सख्खे भाऊ), आणि मधला 'झे' आपल्या 'च'चं काम करतो. तोच दिन! रविवारपासून फिरून त्याच रविवारपर्यंत. दोन्ही टोकं धरून मोजा, आठ भरतात. आपला 'आठवडा' सात दिवसांचा असून आठाचा का, याचं उत्तरही मला यातच दिसतं. आठवडी बाजार मंगळवारी भरला की पुढचा त्याच वारी.

आता रशियन 'स्रेदा', म्हणजे बुधवार, शब्दशः 'मधला'. फास्मर यांचा रशियन शब्दांचा व्युत्पत्तिकोश (शब्दांची मुळं सांगणारा) हा शब्द जर्मन किंवा लॅटिनवरून बेतलेला मानतो. मला हे पटत नाही. जर्मन बुधवार मधला ठरतो तो रविवारपासून मोजल्यावर. स्लाव्ह लोक (रशियन, युक्रेनियन, पोलिश वगैरे) मोजतात सोमवारपासून: मंगळवार 'फ्तोर्निक' (दुसरा), गुरुवार 'चित्व्येर्क' (चौथा), शुक्रवार 'प्यात्नित्सा' (पाचवा). शनिवारचा 'सुब्बोता' हिब्रू शब्बाथवरून आलेला, म्हणून मोजणीबाहेर; रविवारही आकड्यांत नाही. उरलेल्या पाचांत बरोब्बर मधोमध कोण? बुधवार! घरच्या मोजणीत शब्द इतका चपखल बसत असताना तो उसना कशाला मानायचा? मोठ्या नावाचा कोश म्हणून मान तुकवणाऱ्यांनी आधी बोटांवर वार मोजावेत.

बाकीचे फसवे शब्द: 'चास' रशियनमध्ये तास, युक्रेनियनमध्ये वेळ. युक्रेनियन तास म्हणजे 'होदिना', आणि त्याच कुळातला रशियन 'गोद' म्हणजे वर्ष! 'मेस्तो' रशियनमध्ये जागा, युक्रेनियन 'मिस्तो' म्हणजे शहर. सगळ्यात जपायचा 'व्रोदा': युक्रेनियनमध्ये सौंदर्य. त्याचाच रशियन भाऊबंद 'उरोद' म्हणजे विद्रूप माणूस, आणि तो शिवीसारखा वापरतात. कौतुक करायला जाल तेव्हा समोरचा कुठल्या भाषेत ऐकतोय, ते आधी बघा.